तात्पुरती लाइन

हातोडेबुवांचं खरं आडनाव त्यांच्या बायकोला आणि दवाखान्यातल्या फाइलीला तेवढं ठाऊक होतं. बाकी सगळ्या जगाला ते हातोडेबुवाच. पस्तीस वर्षं प्लंबिंगचं काम केलेला माणूस, आणि पस्तीस वर्षांत त्यांचा सिद्धांत एकच: भिंत फोडल्याशिवाय गळती सापडत नाही. एका जागी फोडून सापडली नाही तर त्याचा अर्थ इतकाच, की भिंत पुरेशी फोडलेली नाही. त्यांची पिशवी दारात दिसली की घरातल्या बाया आरसे उतरवून ठेवत आणि पुरुषांना बाहेरची कामं आठवत.

गळती सापडली की मात्र बुवांचा कामातला रस संपायचा. फोडलेली भिंत भरा, नवा पाइप आत घाला, जुन्या टाइलशी जुळणारी टाइल शोधा, ही त्यांच्या मते कारकुनी. मग ते प्लास्टिकचा एक नळीपाइप वरून ओढायचे, खिळ्यांना तारेने बांधायचे आणि पाना पिशवीत टाकता टाकता सांगायचे, "ही तात्पुरती लाइन. दोन दिवसांत येऊन पक्कं करून देतो." पाणी यायला लागलं की घरमालक निवांत, आणि घरमालक निवांत झाला की बुवा अंतर्धान. पस्तीस वर्षांत त्यांनी अशा किती लाइनी टाकल्या याची गणती नाही. परत जाऊन काढल्या तीन. त्यातली एक आपणहून पडली होती.

दिव्याखाली अंधार असतो म्हणतात, बुवांच्या घरात तर दिव्याखाली निळा पाइप होता. एकोणीस वर्षांपूर्वी स्वयंपाकघरात जाणारी भिंतीतली लाइन चोंदली, तेव्हा बुवांनी न्हाणीघरातून एक निळा नळीपाइप काढला आणि बोळातून, स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावरून नेऊन थेट सिंकच्या नळाला जोडला. दोन दिवसांसाठी. तेव्हापासून त्यांची बायको त्या दारातून जाता येता उजवा पाय वीतभर उचलते. पायाला इतकी सवय झाली की लेकीच्या घरीसुद्धा, जिथे उंबराही नाही आणि पाइपही नाही, ती स्वयंपाकघरात शिरताना पाय उचलते. बुवांना मात्र ही सवय कधी लागली नाही. ते आठवड्यातून दोनदा त्या पाइपात अडखळायचे, आणि तो ज्याने बसवला त्याला शिवी घालून पुढे जायचे.

अशा माणसाला शौचावाटे रक्त जायला लागलं. दुसऱ्याच्या घरी बोटभर ओल दिसली की छिन्नी उचलणारे बुवा स्वतःच्या बाबतीत मात्र वर्षभर गप्प बसले. मूळव्याध आहे, असं त्यांनीच ठरवलं आणि मलमही त्यांनीच ठरवलं. शेवटी लेकीला सुगावा लागला. तिने एक दिवस ऑफिसला दांडी मारली आणि बापाला धरून दवाखान्यात नेलं.

तिथे आतून कॅमेरा घालून तपासणी झाली. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं पाहायचं वाकून, हा ज्यांचा जन्मभराचा धंदा, त्यांच्यावर कुशीवर वळून पडायची वेळ आली. पण गुंगीत जाण्याआधी त्यांनी तंत्रज्ञाला विचारलंच, "वायर किती मीटर आहे ही? वळणावर अडकत नाही?" तपासणीत गाठ सापडली. गुदाशयात, अगदी खालच्या अंगाला. तुकडा तपासायला गेला आणि आठ दिवसांनी कर्करोगाचा रिपोर्ट आला.

सर्जनबाई चणीने लहान, आवाजाने त्याहून लहान. चष्मा गळ्यात अडकवलेला. त्यांनी कोऱ्या कागदावर आतड्याचं चित्र काढलं आणि गाठीच्या जागी पेन टेकवलं.

"गाठ अजून आतल्या आतच आहे, बाहेर कुठे पसरलेली दिसत नाही. तेवढा भाग काढायचा आणि वरचं टोक खालच्या टोकाला जोडायचं. पोट उघडणार नाही. पाच छोटी भोकं, एकातून कॅमेरा, बाकीच्यातून अवजारं. पोटात गॅस भरतो, म्हणजे काम करायला जागा होते."

बुवांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग फोडणार कधी?"

"फोडायचं नाहीये."

"मग दिसणार कसं?"

"उघडून दिसलं असतं त्यापेक्षा चांगलं. तुमच्या ओटीपोटाच्या तळाशी माझं डोकं जात नाही, कॅमेरा जातो. आणि मोठं करून दाखवतो."

"बाई, मी पस्तीस वर्षं हेच काम करतोय. उघडल्याशिवाय काही कळत नाही."

"अडलंच तर उघडू. तसं तुमच्याकडून लिहूनच घेणार आहे," बाई म्हणाल्या. "पण आधीच कशाला?"

हा "आधीच कशाला" बुवांना पस्तीस वर्षांत सगळ्या गिऱ्हाइकांनी विचारला होता. उत्तर कुणालाच मिळालं नव्हतं. मग त्यांनी हुकमाचा पत्ता काढला. "आणि जोड? जोड तपासता की नुसता लावून मोकळ्या होता?"

"जोड पाण्याखाली धरायचा आणि खालून हवा सोडायची. बुडबुडा आला तर जोड परत."

बुवा खुर्चीत सरळ बसले. ते स्वतः जोड असेच तपासायचे, म्हणजे तपासायला हवेत असं मानायचे. या एवढ्याशा बाईला धंदा कळतो, हे त्यांनी मनोमन मान्य केलं, आणि गेल्या आठ दिवसांत पहिल्यांदा त्यांच्या चेहऱ्यावर थोडी धुगधुगी आली. लेकीने सुटकेचा श्वास सोडला. नेमक्या त्याच वेळी बाई पुढचं बोलल्या.

"फक्त जोड फार खाली येणार आहे, नाजूक जागी. तो भरून येईपर्यंत त्याच्यावरून काही जायला नको. म्हणून लहान आतडं पोटावर बाहेर काढून त्याला पिशवी लावू. तात्पुरती. तीनेक महिने."

बुवांचा चेहरा पांढरा पडला. कर्करोग हा शब्द त्यांनी पचवला होता, भोकं पचवली होती, गॅसही पचवला होता. तात्पुरती या शब्दाने मात्र त्यांची पाचावर धारण बसली.

घरी येऊन त्यांनी जाहीर केलं, ऑपरेशन नको. लेकीला वाटलं, बाबा भोकांना घाबरले. ती रोज संध्याकाळी येऊन फोनवर भोकांचे फोटो दाखवायची. जावयाला वाटलं, सासरे भोकांवर विश्वास ठेवत नाहीत, तेव्हा एखाद्या पोट उघडणाऱ्या सर्जनचा पत्ता काढावा. त्याने तसा काढलाही. बुवा कुणाशी वाद घालत नव्हते, हेच सगळ्यात वाईट लक्षण होतं.

बायकोने चार दिवस पाहिलं. पाचव्या दिवशी दुपारी, घरात दोघंच असताना, तिने भाजी निवडता निवडता विचारलं, "पिशवीला घाबरलात ना?"

"पिशवीला नाही."

"मग?"

"तीन महिने म्हणाली ती. तात्पुरती म्हणाली." बुवांनी इकडे तिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "अगं, तात्पुरती म्हणजे काय असतं ते मला विचार."

"मला विचारा ना," बायको म्हणाली. बुवांना त्यातलं काही कळलं नाही. ते आपल्याच दुःखात होते.

दुसऱ्या दिवशी ती त्यांना घेऊन सर्जनबाईंकडे गेली. नमस्कार चमत्कार न करता तिने थेट प्रश्न केला, "डॉक्टर, गेल्या वर्षात अशा पिशव्या किती लावल्या आणि किती काढल्या?"

बाईंना असा प्रश्न कुणी विचारला नसावा. त्यांनी कपाटातून एक जाड वही काढली आणि पानं उलटली. "एकतीस लावल्या. पंचवीस काढल्या. तिघांची तारीख अजून यायची आहे. दोघांचं वय फार, त्यांनीच नको म्हटलं. आणि एकाची काढता आली नाही, जोड भरलाच नाही."

"म्हणजे मलाही तसं होऊ शकतं," बुवा म्हणाले.

"होऊ शकतं. मी नाही म्हणणार नाही. पण काढायची राहिली आणि मी विसरले, असं होणार नाही. वही आहे."

"यांच्या तीन निघाल्या," बायको म्हणाली. "पस्तीस वर्षांत."

सर्जनबाईंना संदर्भ लागला नाही. बुवांना लागला आणि त्यांची मान खाली गेली. वही ठेवून काम करणारा माणूस त्यांनी आपल्या धंद्यात काय, कुठल्याच धंद्यात पाहिला नव्हता. त्यांनी सही केली.

ऑपरेशन पाच तास चाललं. बाहेर बाकावर बायको आणि लेक बसून होत्या, आणि त्या पाच तासांत बायकोने विणकामाच्या सुया हातात धरल्या, पण टाका एकही घातला नाही. सर्जनबाई बाहेर आल्या, म्हणाल्या, उघडावं लागलं नाही. तेव्हा तिने पहिल्यांदा सुया खाली ठेवल्या आणि ती रडली.

बुवा शुद्धीवर आले तेव्हा घसा कोरडा आणि डोकं जड. बाई खाटेशी उभ्या होत्या. बुवांनी ओठ हलवले, त्या खाली वाकल्या.

"बुडबुडा?"

"एकही नाही," बाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांना उठवून चालवलं. पोटावर पाच चिकटपट्ट्या, ओटीपोटावर चार बोटांची एक चीर, जिथून गाठ बाहेर काढली होती, आणि उजव्या बाजूला ती पिशवी. बघायला येणाऱ्या पाहुण्यांची मोठी निराशा झाली. कर्करोगाचं ऑपरेशन म्हणून लांबून आलेली माणसं, बुवांनी सदरा वर केला की म्हणायची, "एवढंच?" शेजारच्या खाटेवर हर्नियाचा जुन्या पद्धतीने कापलेला एक ट्रकवाला होता. त्याचा आजार बुवांच्या आजाराच्या पासंगालाही पुरला नसता, पण टाके लांबलचक होते. पाहुणे बुवांसाठी आणलेली फळं त्याच्यापाशी ठेवून जायचे. आयुष्यभर भिंती फोडून लोकांवर छाप पाडणाऱ्या बुवांना हे फार लागलं.

पिशवीचं काम शिकवायला एक नर्स यायची. चकतीला मापाने भोक पाडायचं, कातडीला बसवायचं, कडेने गळता कामा नये. सगळे पेशंट पहिले आठ दिवस कपडे बदलत बसतात, असं तिने आधीच सांगून ठेवलं. बुवांनी माप घेतलं, कात्री चालवली आणि पहिल्या झटक्यात चकती अशी बसवली की थेंब नाही. "कमाल आहे," नर्स म्हणाली. "काय करता तुम्ही?" प्लंबर, असं बुवांनी सांगितलं, आणि बायकोने खिडकीबाहेर पाहिलं. एकोणीस वर्षांत यांनी मापाने कापलेली ही पहिली वस्तू होती.

काढलेल्या भागाचा रिपोर्ट चांगला आला. आसपासच्या सगळ्या लसिका ग्रंथी स्वच्छ, पुढे औषधांचा मारा नको. मात्र तपासण्या पाच वर्षं चालणार, त्यानंतरच बरे झालात म्हणायचं. आणि आठ आठवडे पाच किलोच्या वर काही उचलायचं नाही. बुवांचा मोठा हातोडाच सहा किलोचा होता.

घरी आल्यावर बुवा खुर्चीत बसून पोटावरच्या पिशवीकडे बघत राहायचे. नळी आतून काढून बाहेरून फिरवलेली, खालचा जोड सुकत ठेवलेला. बाईंनी सांगितलेलं सगळं पटत होतं, आणि पटत होतं म्हणूनच भीती वाटत होती. गिऱ्हाइकांनाही त्यांचं सगळं पटायचं. तिसऱ्या आठवड्यात त्यांच्या डोक्यात एक हिशोब तयार झाला. हिशोब वेडगळ होता, आणि तो वेडगळ आहे हे बुवांनाही कळत होतं. आपण लोकांच्या तात्पुरत्या लाइनी काढल्या नाहीत, मग आपली कोण काढणार? पेरावं तसं उगवतं. तेव्हा आपली निघावी असं वाटत असेल तर आधी त्यांच्या निघायला हव्यात.

त्यांनी आठवून आठवून यादी केली. कितीतरी घरं पडली होती, काही मालक बदलले होते, काहींनी दुसरा प्लंबर बोलावून बुवांचा उद्धार करत पाइप काढला होता. उरल्या अकरा.

पहिली लाइन रिटायर हेडमास्तरांकडे, सात वर्षांची. बुवा रिकाम्या हातांनी दारात उभे राहिले. मागे बायको, तिच्या खांद्यावर हत्यारांची पिशवी, हातात टॉर्च.

"दोन दिवसांत येतो म्हणालात," हेडमास्तर म्हणाले.

"आलो ना."

हेडमास्तर भिंतीवरचा आरसा उतरवायला लागले.

"राहू द्या. फोडायचं नाहीये," बुवा म्हणाले. "मला मनाई आहे."

त्यांनी दुकानातून फोनला जोडायचा एक बारीक कॅमेरा आणला होता, लवचीक तारेच्या टोकावर बसवलेला. टाइलच्या सांध्यात त्यांनी नाण्याएवढं भोक पाडलं, कॅमेरा आत सोडला, आणि भिंतीच्या आतलं जग फोनच्या पडद्यावर पाहिलं. पाइपाच्या वळणावरचा गळका कोपरा वीतभर अंतरावर होता. सात वर्षांपूर्वी त्यांनी आख्खी भिंत दुसऱ्या बाजूने फोडली होती.  दुसरं भोक पाडून त्यांनी कोपरा बदलला, बादलीभर पाण्याने जोड तपासला, बुडबुडा नाही हे दोनदा पाहिलं, आणि मग वरची लाइन सोडवून गुंडाळली. घरात टाइल एकही तुटली नाही. हेडमास्तर टाइलवर हात फिरवून बघत राहिले, आणि चहा पाजल्याशिवाय त्यांनी दोघांना सोडलं नाही.

मग दातांच्या डॉक्टरकडची. मग पिठाच्या गिरणीतली. मग एका बाईंकडची, ज्यांनी त्या लाइनीवर नऊ वर्षं कपडे वाळत घातले होते आणि ती काढल्यावर आता कपडे कुठे घालू म्हणून बुवांशीच भांडल्या. आठवड्याला एक, फार तर दोन. मध्ये पिशवी रिकामी करायला बुवा त्याच घराच्या संडासात जायचे, आणि गेलेच आहेत तर तिथल्या फ्लशची टाकीही दुरुस्त करून यायचे. बायको टॉर्च धरायची. जिथे जिथे स्वयंपाकघर होतं तिथे तिने त्याच्या दारात उजवा पाय उचलला. एकाही घरात ती काही बोलली नाही.

हातोडेबुवा भोकातून काम करतात, भिंतीला धक्का लावत नाहीत, अशी बातमी पसरली. ज्यांनी पूर्वी त्यांना दारात उभं केलं नव्हतं त्यांचे फोन यायला लागले. बुवा म्हणायचे, आधी उघडायचं कशाला? अडलंच तर उघडू. हे वाक्य आपलंच आहे अशा थाटात ते सांगायचे.

अकरावी लाइन निघाली त्या आठवड्यात सर्जनबाईंनी तपासणीला बोलावलं. खालून औषध सोडून फोटो काढले. बाईंनी ते दिव्यासमोर धरले आणि जरा वेळ पाहिले.

"जोडापाशी एक बारीकशी रेघ दिसतेय. बहुतेक काही नाही. पण मी आज काढणार नाही. सहा आठवडे थांबू."

 बुवा घरी आल्यावर खुर्चीत बसले आणि म्हणाले, "एक राहिलीय."

"काय राहिलंय?" बायकोने विचारलं.

"कुठेतरी एक लाइन राहिलीय. मी विसरलोय."

त्या सहा आठवड्यांत बुवांनी डोकं शिणवलं. जुन्या डायऱ्या काढल्या, त्यात काहीच लिहिलेलं नव्हतं. पूर्वी ज्यांच्याकडे कामं केली त्यांना फोन केले, तुमच्याकडे माझं काही राहिलंय का, असं विचारलं. लोकांना वाटलं, माणूस निरवानिरव करतोय, आणि दोघांनी फोनवरच गळा काढला. एका पाडलेल्या इमारतीच्या जागी जाऊन ते उगाच उभे राहून आले. आणि घरी आल्यावर पाणी प्यायला स्वयंपाकघरात जाताना निळ्या पाइपात अडखळायचे, शिवी घालायचे, आणि परत विचारात पडायचे की कुठे बरं राहिली असेल. रात्री झोप लागेना. वजन दोन किलो उतरलं. लेक म्हणायला लागली, बाबा आजाराने गेले नाहीत, पण या काळजीने जातील.

सहा आठवड्यांनी परत फोटो काढले. रेघ नव्हती. बाईंनी वही उघडून तारीख लिहिली, पुढच्या सोमवारची.

रविवारी दुपारी बुवा दवाखान्याची पिशवी भरत होते. ताटवाटी घेऊन स्वयंपाकघरातून बाहेर येताना पाय अडकला आणि ते बोळात गुडघ्यावर आपटले. एक हात आपोआप पोटावर गेला होता, पिशवी शाबूत होती. तोंडात नेहमीची शिवी आली होती, ती अर्ध्यावर थांबली. त्यांनी खाली बसूनच त्या पाइपाकडे पाहिलं. न्हाणीघरापासून सिंकपर्यंत. उंबऱ्यावरचा लाकडाचा भाग एकोणीस वर्षांत झिजून खोलगट झाला होता, आणि निळा रंग पायांनी पांढरा पडला होता.

"अगं," ते म्हणाले. "हीच."

बायको दारात आली. तिने पाय उचलला.

"हीच राहिली होती," बुवा म्हणाले. "पाना आण. अर्ध्या तासाचं काम आहे. भोक पाडून बघतो, आत कुठे चोंदलंय ते."

"हात लावू नका."

"म्हणजे? तुला माहीत होतं?"

"मी रोज ओलांडते ती."

"मग बोलली का नाहीस?"

"अकरा वर्षं बोलले. मग सोडून दिलं."

 बुवांनी हात पुढे केला, पाना दे म्हणून. तिने हत्यारांची पिशवी उचलली आणि मागे धरली.

"उद्या माझी काढायची आहे," बुवा म्हणाले. "ही राहिली तर माझी राहील. कळतंय का तुला?"

"आणि ही काढलीत तर तुमचं या घरातलं काम संपलं," ती म्हणाली. "मला नाही चालणार. काम शिल्लक असू दे. परत यावं लागेल तुम्हाला."

"या अकरा सोडल्या तर मी अर्ध्यावर टाकलेल्या कामावर कधी परत गेलोय का?"

"लोकांकडे नाही गेलात," बायको म्हणाली. "घरी रोज आलात."

बुवा तिथेच, बोळात, भिंतीला टेकून बसले. त्यांचा हिशोब एक सांगत होता आणि तिचा दुसरा, आणि दोन्ही सारखेच वेडगळ होते. पस्तीस वर्षांत त्यांनी गिऱ्हाइकाचं कधी ऐकलं नव्हतं. हिचं ऐकलं.

सोमवारी ते एक लाइन शिल्लक ठेवून टेबलावर गेले. तासाभराचं काम निघालं. आतडं जोडून आत ढकललं, भोक शिवलं, आणि बाईंनी वहीत त्यांच्या नावापुढे खूण केली. पहिले काही आठवडे फार हाल झाले. इतके दिवस रिकामा बसलेला रस्ता कामाची सवयच विसरला होता आणि दिवसातून दहा दहा वेळा धावायला लावत होता. बाई म्हणाल्या, बसेल हळूहळू. हळूहळू बसलंही. पोटावर पाहायला गेलं तर आता काहीच राहिलं नव्हतं. पाच ठिपके, एक चीर, एक खळगी. पाहुणे तर यायचेच बंद झाले.

दोन महिन्यांनी, वजन उचलायची परवानगी मिळाली त्याच संध्याकाळी, बुवांनी स्वयंपाकघराच्या दारात बैठक मारली. कॅमेरा काढला, नवा पाइप मापाने कापून ठेवला, दोन कोपरे, एक नळ, आणि टाइलवर खडूने नाण्याएवढी खूण. बादलीत पाणीही भरून ठेवलं होतं, जोड तपासायला. इतकी जय्यत तयारी त्यांनी कुणाच्याच घरी केली नव्हती.

"टॉर्च धर," त्यांनी हाक मारली.

बायको आली, टॉर्च न घेता. पाय उचलून आत गेली आणि ओट्याला टेकून उभी राहिली.

"तपासण्या किती वर्षं आहेत म्हणाल्या बाई?"

"पाच."

"झालं किती?"

"अजून वर्षही नाही झालं. का गं?"

तिने खाली वाकून तो कापलेला पाइप उचलला, कोपरे उचलले, आणि ते सगळं ओट्याखालच्या खणात, चिंध्यांमागे, नीट लावून ठेवलं. खण बंद केला.

"पाच वर्षांनी काढा," ती म्हणाली. "तोवर तात्पुरती राहू दे."

बुवांनी टाइलवरची खडूची खूण अंगठ्याने पुसली. कॅमेऱ्याची तार गुंडाळली, पाना पिशवीत टाकला, बादलीतलं पाणी मोरीत ओतलं. मग ते उठले आणि बाहेर निघाले. दारात आल्यावर एकोणीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी उजवा पाय वीतभर उचलला.